गुडघ्याच्या उंचीवरून

रस्त्याकडेला दिव्याखाली एक पांढरी मित्सुबिशी लॅन्सर इव्होल्यूशन उभी होती. सहावी आवृत्ती, १९९९च्या सुमाराची. भोवती आठ-दहा जण मोबाइल घेऊन. प्रत्येकाने समोरून, हेडलाइट चालू असताना एक फोटो घेतला, मग मागे जाऊन डिकीवरच्या भल्यामोठ्या विंगचा एक, आणि पुढच्या गाडीकडे वळला. गर्दी ओसरल्यावर मालक खाली बसून पुढच्या चाकावरची ब्रेकची काळी भुकटी फडक्याने पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, “वाकून कुणी बघितलंच नाही.” सुरात तक्रार नव्हती, पण बोलणं खरं होतं. त्या गाडीवर ज्या गोष्टींसाठी त्याने पैसे आणि रात्री घालवल्या होत्या, त्या जवळजवळ सगळ्या गुडघ्याखाली होत्या. चाकाच्या आरांमागची ब्रेकची मोठी डिस्क, बंपरच्या जाळीआडचा, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, मडगार्डच्या कडेला जेमतेम बोटभर जागा सोडून बसलेला टायर. उभ्याने घेतलेल्या फोटोत यातलं काहीही येत नाही. येतं ते छत, काच आणि दिव्यांचे दोन फुटलेले पांढरे गोळे.

ते वाक्य मनातून जात नाही, कारण रात्रीच्या रस्त्यावरच्या या ट्यून केलेल्या गाड्यांचे फोटो पाहताना हीच उणीव वारंवार दिसते. फोटो चकचकीत असतात, रंग गडद असतात, पण गाडी वाचलेली नसते. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी हजारो लोकांच्या सरासरी गरजेसाठी बनलेली असते. ट्यून केलेल्या गाडीत कुणा एकाने ती सरासरी नाकारून, एकेक भाग काढून, आपला निर्णय त्या जागी बसवलेला असतो. कॅमेरा त्या निर्णयांपर्यंत पोचला पाहिजे. दिवा कुठला, शटर किती, उंची किती हे सगळं मग त्या निर्णयांवरून ठरतं.

चाकापासून सुरुवात करणं सगळ्यात बरं. रिमच्या मापात एक आकडा ऑफसेटचा असतो, ईटी म्हणून लिहितात, मिलिमीटरमध्ये. रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक गाडीला जिथे बसतं त्या भागाला) टेकणारा भाग किती बाहेरच्या अंगाला आहे, हे तो सांगतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. रुंदी तीच ठेवून ईटी ३८चं रिम काढून ईटी २२चं लावलं, तर चाक १६ मिलिमीटर बाहेर सरकतं. ऐकायला एवढंसं वाटतं, पण गाडीचा सगळा पवित्रा त्या १६ मिलिमीटरमध्ये बदलतो. ती रस्त्यावर पाय रोवून उभी असल्यासारखी दिसू लागते. मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवलं किंवा खड्ड्यात सस्पेन्शन दबलं, की टायरचा खांदा मडगार्डच्या आतल्या कडेला घासतो. म्हणून ती कड गरम करून, आतल्या बाजूला दाबून दुमडावी लागते. घाईत दुमडली तर रंगाला तडा जातो आणि तिथूनच गंज धरतो. मडगार्डची कड निगुतीने दुमडलेली दिसली, की गाडी कुणी तरी विचार करून उभी केली आहे हे कळतं. हे पाहायला कॅमेरा चाकाच्या मध्यापासून फार तर हेडलाइटच्या उंचीवर असावा लागतो, म्हणजे साधारण गुडघ्याएवढ्या. तिथून छप्पर लहान होतं, खांदे रुंद होतात आणि टायर व मडगार्ड यांतली फट नेमकी दिसते.

लेन्सची चूकही याच ठिकाणी होते. गाडीच्या अगदी जवळ जाऊन २४ मिलिमीटरच्या रुंद कोनाच्या लेन्सने घेतलेला फोटो पहिल्यांदा भारी वाटतो, पण त्यात नाक फुगतं, मागचं चाक बारीक होतं आणि रिमचा गोल अंड्यासारखा ओढला जातो. गाडीची प्रमाणं खरी यायला हवी असतील तर ५० ते १०० मिलिमीटरच्या दरम्यान राहावं आणि पावलांनी मागे जावं. मागे जायला जागा नसेल तर ३५पर्यंत ठीक, त्याखाली माझं मन धजत नाही. पुढची चाकं वळवायची तर रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे येईल अशी. उलट वळवली की टायरची नक्षी तेवढी दिसते आणि रिम अंधारात जातं. अपवाद एकच, टायरच जेव्हा सांगण्याची गोष्ट असते. अर्धवट स्लिक, म्हणजे नक्षी फार थोडी असलेल्या, टायरच्या खांद्यावर वितळून पुन्हा चिकटलेले रबराचे कण असतील, तर ती गाडी ट्रॅकवर जाऊन आली आहे आणि फोटोत ते यायलाच हवं.

आता दिव्यांकडे. रात्रीच्या रस्त्यावर प्रकाश भरपूर असतो, अडचण वेगळीच असते. प्रत्येक दिवा वेगळ्या रंगाचा असतो. जुन्या कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा. त्याखाली पिवळा आणि काळा यांच्यामधल्या छटांपलीकडे काही उरत नाही. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४चा तो प्रसिद्ध बेसाइड ब्लू रंग अशा दिव्याखाली मातकट राखाडी होऊन जातो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये परत आणता येत नाही, कारण निळा प्रकाश मुळात गाडीवर पडलेलाच नसतो. जास्त दाबाचा सोडियम जरा दयाळू, त्यात इतर रंग थोडे असतात, पण त्याचंही रंगतापमान २००० केल्विनच्या आसपासच. पांढरे एलईडी ४००० किंवा त्याहून वर. हॅलोजन हेडलाइट ३२००च्या जवळपास. हे तिन्ही एकाच बोनेटवर पडले की अर्धं बोनेट संत्रं आणि अर्धं शेवाळी होतं.

यावर कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स हा सगळ्यात वाईट उपाय. एका फ्रेममध्ये त्याला पिवळा दिवा जास्त दिसतो, पुढच्या फ्रेममध्ये पांढरा, आणि एकाच गाडीचे चार फोटो चार रंगांचे येतात. केल्विन हाताने ठरवावं, ३२०० ते ३८००च्या दरम्यान कुठेतरी, आणि जागा बदलेपर्यंत त्याला हात लावू नये. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, घ्यावी. त्याहूनही परिणामकारक गोष्ट म्हणजे गाडी तीन मीटर पुढे घ्यायला सांगणं. एका दिव्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेल्यावर जो फरक पडतो, तो घरी बसून तासभर स्लायडर सरकवून पडत नाही.

टायटॅनियमचा सायलेन्सर हा तर केवळ पांढऱ्या प्रकाशाचाच विषय. तापून तापून त्याच्या टोकावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीनुसार गवती पिवळा, जांभळा, मग निळा असे पट्टे उमटतात. यात रंगद्रव्य कुठलंच नाही, थराच्या वरून आणि खालून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून तो रंग तयार होतो. पिवळ्या दिव्याखाली हे सगळं तपकिरी दिसतं. खिशात एक लहान, चांगल्या प्रतीचा पांढरा एलईडी असावा, तो टोकापासून हातभर दूर, तिरका धरावा. सरळ धरला की धातूवर पांढरा डाग पडतो आणि रंग धुऊन जातात.

काळ्या गाडीने मात्र चांगल्या चांगल्यांची परीक्षा पाहिली आहे.

काळ्या रंगाला स्वतःचं असं रात्री काहीच नसतं. समोरची इमारत, दिव्यांची रांग, फुटपाथची कड, फोटो घेणाऱ्याचे बूट, जे असेल ते ती दाखवते. म्हणून काळ्या गाडीचा फोटो घेताना आधी गाडीकडे पाठ करून उभं राहावं आणि तिच्यासमोर काय आहे ते पाहावं. लांब, सलग, एकसारखा उजळ असा काही पट्टा मिळाला, उजळलेली भिंत, पुलाचा कठडा, तर तो गाडीच्या कुशीवरून एका रेषेत वाहतो आणि दाराच्या पत्र्यातला सूक्ष्म वळसासुद्धा दिसू लागतो. तुटक तुटक दिवे असतील तर पत्रा ठिपक्यांनी भरतो. इथे पोलरायझर, म्हणजे लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर, कामाला येतो, पण समजून वापरला तरच. रंगावरचा पारदर्शक थर आणि काच यांच्यावरचं प्रतिबिंब तो तिरक्या कोनात कापतो. काचेसाठी हा कोन पृष्ठभागाच्या लंबापासून साधारण ५६ अंशांवर सर्वांत प्रभावी असतो. उघड्या धातूवर, म्हणजे पॉलिश केलेल्या रिमवर किंवा क्रोमवर, तो जवळपास काही करत नाही. पुढची काच आणि दार वेगवेगळ्या कोनात असल्यामुळे एका फिरवणीत दोन्ही साफ होत नाहीत. ट्रायपॉडवर दोन फ्रेम घ्याव्यात, एक काचेसाठी, एक दारासाठी, आणि नंतर जोडाव्यात. दीड ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा), तो धरून चालावं. आणि सगळीच प्रतिबिंबं पुसू नयेत. ती संपूर्ण गेली की काळी गाडी कापून चिकटवलेल्या कागदासारखी सपाट होते.

उभ्या गाडीसाठी ट्रायपॉडला पर्याय नाही. हातात धरून एफ/२, १/६० सेकंद, आयएसओ ३२०० असा फोटो येतो, पण रंगातला धातूचा कण आणि इंटरकूलरच्या बारीक पात्या त्या खडबडीत फाइलमध्ये हरवतात. ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ/८ आणि जागेच्या उजेडाप्रमाणे ४ ते १५ सेकंद. ट्रायपॉडची मधली दांडी खाली, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. फोकस काळ्या किंवा गुळगुळीत पत्र्यावर धरू नये, कॅमेरा तिथे चाचपडत राहतो. हेडलाइटची कड किंवा रिमच्या मध्यावरची अक्षरं चांगली. स्क्रीनवर मोठं करून हाताने फोकस करावा आणि मग त्याला हात लावू नये.

एवढं करूनही फोटो हलका अस्पष्ट येतो, आणि बरेच जण लेन्सला दोष देतात. कारण बहुतेक वेळा इंजिन असतं. चालू इंजिनाची गाडी थरथरते. साधी गाडी थोडी, पण कॅमशाफ्ट बदललेली किंवा इंजिनाचे माउंट कडक केलेली गाडी दिसेल इतकी. आठ सेकंदांत ती थरथर सगळ्या कडांवर चढते, आणि गंमत म्हणजे मागची भिंत मात्र कोरीव येते. दोघांतला हा फरक दिसला की समजावं, ट्रायपॉड निर्दोष आहे. इंजिन बंद करायला सांगावं आणि थांबावं. जुन्या टर्बो गाड्यांत टर्बो टायमर बसवलेला असतो. चावी काढली तरी इंजिन मिनिट-दोन मिनिटं चालू राहतं, कारण तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधून तेल फिरायचं एकदम थांबलं तर ते तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. ती दोन मिनिटं मला फार आवडतात. टायमर संपतो, इंजिन थांबतं, आणि मग आकुंचन पावणाऱ्या सायलेन्सरची टिक्, टिक्, टिक् सुरू होते, गरम तेलाचा आणि रबराचा वास खाली रस्त्याशी रेंगाळतो. फोटोची वेळ तीच.

हेडलाइट पंधरा सेकंद चालू ठेवले तर त्यांच्या जागी फक्त पांढरी भोकं येतात. दहा सेकंदांच्या फ्रेममध्ये ते अर्धा ते एक सेकंद पुरतात. पण ते लावायला मालक गाडीत बसला, की त्याच्या वजनाने सस्पेन्शन दोन-चार मिलिमीटर दबतं. आधीच्या फ्रेमशी पुढची फ्रेम जुळत नाही आणि जोडताना सगळ्या रेषा दुहेरी होतात. म्हणून सर्व फ्रेम संपेपर्यंत गाडीत कुणी बसायचं नाही, दार उघडायचं नाही, बोनेटला टेकायचं नाही. काच आधीच खाली करून ठेवावी आणि बाहेरून हात घालून, दारावर भार न देता दिवा लावावा.

याच बैठकीत एलईडीच्या नळीने गाडी उजळता येते. साधारण मीटरभर लांबीची नळी, तिचं तोंड गाडीकडे, कॅमेऱ्याकडे कधीही नाही. छतासाठी ती डोक्यावर धरून, गाडीच्या पलीकडच्या बाजूने, नाकापासून शेपटीपर्यंत एका गतीने चालत जायचं. चालण्याची गती जिथे मंदावते तिथे पत्र्यावर उजळ गाठ येते, हात जिथे खालीवर होतो तिथे रेषा लहरते. गडद कपडे घालावेत आणि कुठेही थांबू नये, थांबलं की माणसाची पुसट आकृती उरते. दुसऱ्या फ्रेममध्ये कूस, तिसऱ्यात फक्त चाकं. चाकांसाठी नळी जमिनीलगत, जरा पुढून, म्हणजे उजेड आरांच्या मधून आत शिरून डिस्क आणि तिला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचतो. आर३४ जीटी-आरची पुढची मूळ डिस्क ३२४ मिलिमीटरची. तिच्या जागी ३५५ची बसवली की बहुधा १८ इंचांचं रिम लागतं, आणि मग कॅलिपर व आर यांच्यात जेमतेम काही मिलिमीटर उरतात. तो बारीक काळा अवकाश फोटोत दिसला पाहिजे. या फ्रेम नंतर एकमेकींवर ठेवून, जिथे जी जास्त उजळ तिथे ती घ्यायची. मध्येच कुणाचा पाय ट्रायपॉडला लागला असेल तर पहिल्यापासून सुरुवात. नंबर प्लेटवर कॅमेऱ्याच्या बाजूने टॉर्च मारू नये, तिचा पृष्ठभाग आलेला प्रकाश आल्या दिशेने परत फेकतो आणि तेवढा चौकोन जळून जातो. फोटो लोकांसमोर ठेवण्याआधी नंबर झाकावा हे वेगळं सांगायला नको.

पाऊस नुकताच थांबलेला असेल तर वरचं बरंचसं आपोआप घडतं. ओला डांबरी रस्ता दिव्यांचा प्रकाश खालून गाडीवर टाकतो, बंपरची खालची कड आणि साइड स्कर्ट, जे एरवी अंधारात बुडालेले असतात, ते वर येतात. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर आणला की प्रतिबिंब लांबतं. पाणी पूर्ण साचलेलं नको आणि सुकलेलंही नको. मधली वेळ थोडी असते. पत्र्यावरच्या थेंबांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बोनेटभर थेंब सुंदर दिसतात, पण पत्र्याचा वळसा त्यात हरवतो. बोनेट पुसून घ्यावं आणि थेंब काचेवर राहू द्यावेत.

चालत्या गाडीचा फोटो हा वेगळाच अभ्यास. शटर किती ठेवायचं याचं उत्तर चाकात आहे. २५५/४० आर१८ मापाच्या टायरचा परीघ साधारण २.०८ मीटर. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला ५.३ फेऱ्या मारतं. १/१२५ सेकंदात ते सुमारे १५ अंश फिरतं, आर किंचित पुसट दिसतात, गाडी पार्क केल्यासारखी. १/३०मध्ये सुमारे ६४ अंश. सहा आरांच्या रिमवर, समजा रेज कंपनीच्या टीई३७वर, दोन आरांमधलं अंतरच ६० अंशांचं. म्हणजे प्रत्येक आर शेजाऱ्याच्या जागेपर्यंत पोचतो, सगळे मिळून एक पारदर्शक तबकडी होते आणि तिच्यातून न फिरणारा कॅलिपर स्थिर, स्पष्ट दिसतो. रात्रीच्या पॅनिंगमध्ये, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा वळवत घेतलेल्या फोटोत, याहून देखणं मला काही वाटत नाही. दहा बारीक आरांच्या रिमला याच वेगात १/५०देखील पुरतं. या टीई३७मधला ३७ वजनावरून आला आहे. १९९६ साली आलेलं १५ इंची, ६ इंच रुंदीचं ते घडीव रिम ३.७ किलोचं होतं. फिरणारं वजन कमी झालं की गाडी वेग पटकन घेते आणि पटकन सोडते, आणि मग त्या रिमचा तो कांस्य रंग नुसता शोभेचा वाटत नाही.

पॅन करताना फुटपाथवर, कठड्याच्या आत उभं राहावं, रस्त्यापासून दहा-पंधरा मीटर मागे. जवळून घेतलं तर गाडी पुढ्यातून जाताना तिचा कोन इतका झपाट्याने बदलतो की नाक स्पष्ट आणि शेपूट पुसट येते. पावलं जिथे शटर दाबायचं त्या दिशेला रोवावीत आणि कमरेपासून मागे वळून गाडीची वाट पाहावी, म्हणजे शरीर मोकळं होत होत त्या बिंदूवर येतं. शटर दाबल्यावरही वळणं थांबवू नये. मागे दुकानांच्या उजळ पाट्या किंवा दिव्यांची रांग असेल तरच रेघा उमटतात, अंधारी भिंत कितीही वेगाने सरकली तरी अंधारीच राहते. एलईडी टेललाइट सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, त्यामुळे किंचित हललेल्या पॅनमध्ये त्यांची रेघ ठिपक्याठिपक्यांची येते. जुन्या बल्बची रेघ मात्र सलग. आर३४चे ते चार गोल मागचे दिवे म्हणूनच रेघांत इतके शोभतात. फ्लॅश चालत्या गाडीवर कधीही मारू नये, चालकाचे डोळे क्षणभर आंधळे होतात. दुसऱ्या गाडीतून फोटो घ्यायचा तर रस्ता बंद केलेला हवा, पट्टा बांधलेला हवा आणि शरीर खिडकीच्या आत.

आणखी एक युक्ती आहे. गाडीला व्हॅक्यूमच्या कपांनी लांब दांडा लावायचा, त्याच्या टोकाला कॅमेरा, इंजिन बंद, आणि दोघांनी गाडी हळूच ढकलायची. दोन सेकंदांच्या शटरमध्ये गाडी दोन मीटर सरकली तरी चाक जवळजवळ पूर्ण फेरी मारतं आणि फोटोत ती शंभरने धावताना दिसते. दांडा नंतर पुसून टाकतात. कौशल्य त्यात नक्कीच आहे. पण नीट पाहिलं तर अशा गाडीचं अंग वेगात नसतं. खरा जोर लागला की मागचा भाग खाली बसतो, नाक उचलतं, वळणावर बाहेरचा टायर दबतो. ढकललेली गाडी सपाट, उभ्या उंचीवरच राहते. सस्पेन्शनवर खर्च केलेल्या माणसाला हे ताबडतोब कळतं. म्हणून जरा पुसट आला तरी पॅन केलेला फोटो मला जास्त खरा वाटतो.

आवाजाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही, जरी फोटोत आवाज येत नसला तरी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कमी-जास्त लांबीच्या नळ्यांमुळे सुबारूच्या आडव्या इंजिनाची ती अडखळती घरघर, पोर्ट मोठे केलेल्या माझदा आरएक्स-७च्या रोटरी इंजिनाचं उभ्या जागी ठेचकाळत धडधडणं, स्कायलाइन जीटी-आरच्या सहा सिलिंडरच्या आरबी२६ इंजिनाचा चढत जाणारा स्वर, हे डोळे मिटून ओळखता येतं आणि अंगावर काटा येतो. पण सायलेन्सरमधून फटाके आणि ज्वाळा काढण्यासाठी मुद्दाम केलेलं ट्यूनिंग मला पटलेलं नाही. अॅक्सिलरेटर सोडल्यावर इग्निशन उशिरा करून न जळलेलं पेट्रोल नळीत पेटवायचं, यात गाडी कणभरही वेगवान होत नाही, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची मात्र वाट लागते. रॅलीच्या गाड्यांत अशाच आगीने टर्बो फिरता ठेवतात, तिथे तिला काम असतं. रस्त्यावर ती कॅमेऱ्यासाठी असते, आणि कॅमेरे जमले म्हणून पुन्हा पुन्हा काढली जाते. वरच्या मजल्यांवर माणसं झोपलेली असतात. त्या आवाजाची ओढ आणि त्या खिडक्यांची लाज, दोन्ही एकाच वेळी मनात असतात, आणि यातलं कुठलंच मला खोडता आलेलं नाही.

जपानमधल्या योकोहामाचं दाइकोकू पार्किंग या सगळ्याचं साक्षीदार आहे. द्रुतगती मार्गांच्या वळणदार रॅम्पच्या वेढ्यात, पुलांखाली बसलेली ती विश्रांतीची जागा, तिथे गाडी घेऊन पोचायचं तर द्रुतगती मार्गावरूनच. आर३२पासून आर३४पर्यंतच्या स्कायलाइन, टोयोटाची ए८० सुप्रा, आरएक्स-७ एकाच रांगेत तिथे उभ्या राहतात. आणि गर्दी व गोंगाट वाढला की पोलीस ती जागा बंद करतात, सगळ्यांना निघावं लागतं, शांतपणे उभ्या असलेल्यांनाही. त्या रांगेतल्या बहुतेक गाड्या एका विचित्र काळाच्या लेकी. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवून २८० पीएसच्या (पीएस म्हणजे अश्वशक्तीचं एक माप) वर ताकद जाहीर करायची नाही असं पाळलं होतं, ते २००४पर्यंत चाललं. १९८९चा आर३२ जीटी-आर, २५६८ सीसीचं जुळ्या टर्बोंचं इंजिन, कागदावर २८०. २९९७ सीसीची सुप्रा, कागदावर २८०. पण सुप्राच्या त्या बिडाच्या ब्लॉकमध्ये याच्या कितीतरी पट ताकद सोसण्याची ऐपत कारखान्यातच ठेवलेली होती. ट्यून करणाऱ्यांनी ती बाहेर काढली.

तिथेही फोटोसाठी गाडी काही मिनिटंच मिळते. मग काय आधी घ्यावं? माझा क्रम ठरलेला: पुढचं चाक जवळून, बंपरच्या जाळीतून इंटरकूलर, मग पाऊण कोनातून पूर्ण गाडी, आणि वेळ उरला तर आतले मीटर. इंटरकूलरच्या पात्या खड्यांनी वाकलेल्या असतील तर त्या तशाच येऊ द्याव्यात, गाडी खरोखर चालवली जाते त्याचा तो दाखला आहे. मीटरसाठी आतला दिवा बंद, पायांपाशी एक मंद उजेड, आणि एक्स्पोजर तेलाच्या तापमानाचा काटा वाचता येईल इतकंच.

ट्यून केलेली गाडी कधी पुरी होत नाही. सहा महिन्यांनी तीच गाडी भेटते तेव्हा रिम विकलेलं असतं, टर्बो बदललेला असतो, कधी रंगसुद्धा. काही तर देशच बदलतात. अमेरिकेत २५ वर्षं जुनी झाल्याशिवाय अशी गाडी नेता येत नाही, त्यामुळे १९९९चे आर३४ तिकडे २०२४पासून जाऊ लागले. म्हणून फाइलच्या नावात तारखेसोबत मापंही लिहून ठेवावीत: रिम १८ × ९.५ इंच, ईटी २२, टायर २५५/४०, डिस्क ३५५, पुढचा कँबर (चाकाचा उभ्यातला कल) उणे २ अंश. मालकाला विचारलं की तो सांगतो, आणि सांगताना बहुधा स्वतःच खाली बसून चाकाकडे बोट दाखवतो. फोटो पाठवताना लहान केलेला नको, पूर्ण आकाराचा पाठवावा. त्याला तो मोठा करून आपल्या कॅलिपरचे बोल्ट पाहायचे असतात.